आडनावांचा तास

त्या कंपनीत नव्या भरतीला पहिल्या आठवड्यात सगळं शिकवत. कानावर हेडफोन कसा बसवायचा, गिऱ्हाईक चिडलं की आपण किती गप्प बसायचं, आपला आवाज तिकडे जाऊ नये म्हणून कुठलं बटण दाबायचं. पण मुलं वाट बघत ती एकाच तासाची. वेळापत्रकात त्याचं नाव भारदस्त होतं, ‘ग्राहकांची नावे : उच्चार व सावधगिरी’. जिन्यात आणि चहाच्या मशीनपाशी त्याला शिव्यांचा तास म्हणत.

तो तास बाई घेत. पन्नाशी ओलांडलेल्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या बाई. खिडकी नसलेल्या त्या खोलीत त्या पांढऱ्या फळ्यावर एकाखाली एक इंग्रजी आडनावं लिहीत आणि मग भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात अर्थ सांगत.

“बॉटम म्हणजे तळ. बोलीत, ढुंगण. कॉक म्हणजे कोंबडा. बोलीत, पुरुषाचं लिंग. पुढे.”

मुलं आधी एकमेकांकडे बघत, मग टेबलाखाली डोकं घालत. आपल्या आईच्या वयाची बाई असं काही बोलते आणि तिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही, याचंच त्यांना जास्त हसू येई. बाई थांबत. हसणं संपलं की म्हणत, “झालं? आता मला हेच शब्द परत म्हणून दाखवा, न हसता.” मग प्रत्येकाला उभं करून ते आडनाव म्हणायला लावत, पुढे साहेब किंवा मॅडम जोडून, आवाजात कसलाही चढउतार न आणता. कुणाचा ओठ हलला तर पुन्हा. दुपारपर्यंत त्या खोलीतला चेष्टेखोरातला चेष्टेखोर मुलगासुद्धा ते शब्द स्टेशनांची नावं म्हणावीत तसे म्हणू लागे.

हा तास सुरू झाला त्यालाही एक कारण घडलं होतं. कंपनीचं काम म्हणजे परदेशातल्या लोकांच्या घरातली गरम पाण्याची आणि खोल्या तापवायची यंत्रं बिघडली की त्यांचे फोन घ्यायचे, तक्रार नोंदवायची, मेकॅनिकची वेळ ठरवून द्यायची. एकदा तिकडच्या काही टवाळ पोरांनी फोन करून एक नाव सांगितलं. नाव वेगळं, आडनाव वेगळं, दोन्हीही साधीच. पण जोडून भरभर म्हटलं की इंग्रजीत भलतंच वाक्य होत होतं. फोन घेणारा मुलगा बिचारा गावाहून नवा आलेला. मधेच लाइन तुटल्यासारखी झाली तेव्हा तो काकुळतीला येऊन तेच नाव चार वेळा मोठमोठ्याने विचारत राहिला. तिकडच्यांना ऐकू येत होतं ते असं, की हा माणूस ‘माझं ढुंगण कुणी पाहिलंय का’ म्हणून सगळ्यांना विचारतोय. पोरांनी ते ध्वनिमुद्रित करून जगभर पाठवलं. कंपनीचे तिकडचे मालक आधी पोट धरून हसले आणि मग चिडले. तुमच्या माणसांना एवढंही कळत नाही का, असा निरोप आला. त्या मुलाने महिन्याभरात नोकरी सोडली. आणि तोवर ‘व’ आणि ‘फ’चे उच्चार शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात हा तास पडला.

बाईंनी तो मन लावून बसवला. हाताशी घेतलेलं काम अर्धवट करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी त्याचे दोन भाग केले होते. पहिल्या भागात थट्टेची नावं, म्हणजे बनवून आणलेली, ती कशी ओळखायची. दुसऱ्या भागात खरी आडनावं. कारण तिकडे अशी खरीखुरी आडनावं असलेले लोक पुष्कळ आहेत. बॉटम म्हणजे जुन्या भाषेत डोंगरातली खोलगट जागा, दरी. गुरं हिवाळ्यात ज्या दरीत आणायचे तिथला माणूस झाला विंटरबॉटम. त्याच्या नातवंडा-पतवंडांना पुढे लोक हसतील हे त्या गुराख्याला काय माहीत. बाई हे फार छान सांगत. आणि शेवटी म्हणत, “आडनाव कुणी बाजारातून पारखून आणत नाही. पदरात पडतं.”

एकदा हे वाक्य संपतं न संपतं तोच पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “बाई, तुमचं आडनाव काय हो?”

वाईट हेतू काही नव्हता त्याचा. सगळी मुलं माना वर करून बघत होती. बाईंनी फळा पुसायला घेतला. म्हणाल्या, “वेळ संपली.”

त्यानंतर दुसऱ्या भागाला वेळ कधी पुरलाच नाही. पहिला महिना बाईंना तसं म्हणायला लागलं, पुढे म्हणावंही लागेना. कुणी विचारलं नाही. रिकाम्या राहिलेल्या वेळात त्यांनी थट्टा ओळखायच्या खुणा वाढवल्या. नाव-आडनाव जोडून वाक्य होतं का बघा. मागे कुणी खुसखुसतंय का ऐका. आणि तिसरी खूण त्यांची स्वतःची, तिचा त्यांना थोडा अभिमानही होता. आडनाव आणि तक्रार एकमेकांना चिकटत असतील तर शंभर टक्के थट्टा समजा.

बाईंचं आडनाव कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. गळ्यातलं कार्ड करताना तिथल्या कारकुनाने विचारलं होतं, काय लिहू? “नुसतं बाई लिहा, पोरं तेच म्हणणार,” असं बाई हसून म्हणाल्या होत्या. त्याला गंमत वाटली, त्याने तसंच छापलं. ‘बाई, प्रशिक्षण विभाग’. ते कार्ड बाई दिवसातून कितीदा तरी बोटांनी चाचपून बघत. पगारपत्रकावर पूर्ण नाव होतं, पण ते बघणारी माणसं वेगळ्या इमारतीत बसत.

ते आडनाव इथेही लिहीत नाही. लिहिलं तर वाचणाराही आधी हसेल आणि मग आपण हसलो नाही असं दाखवेल, आणि बाईंना दोन्हींचा सारखाच कंटाळा आला होता. लग्नाआधी त्यांचं आडनाव चारचौघांसारखं होतं. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, माणूस चांगला आहे, नोकरी सरकारी आहे, आडनावाचं काय घेऊन बसलीस, अंगाला थोडंच चिकटतं? चिकटलं. त्या तेव्हा एका शाळेत इंग्रजी शिकवत. सुट्टीनंतर नव्या आडनावाने वर्गात गेल्या, तर फळ्यावर चित्र तयार. पुढे रोजच काहीतरी. कुणी मागून आवाज काढी, कुणी गृहपाठाच्या वहीवर मुद्दाम ठळक अक्षरात बाईंचं पूर्ण नाव घाली. मुख्याध्यापिका म्हणत, दुर्लक्ष करा, मुलंच ती. मग एका वार्षिक समारंभात पाहुण्यांनी यादीतून बाईंचं नाव वाचलं, अडखळले, खात्री करायला पुन्हा वाचलं, आणि आख्खं सभागृह मुलांच्या आईबापांसकट फुटलं. त्यानंतर बाईंनी शाळा सोडली. कारण विचारलं तेव्हा पाठदुखी सांगितलं.

नवऱ्याला यातलं काहीच कधी कळलं नाही. तो कोर्टात पुकारा करायचा. आयुष्यभर व्हरांड्यात उभं राहून त्याने लोकांची नावं मोठ्याने पुकारली, चोरांची, सावकारांची, घटस्फोट मागणाऱ्यांची. सगळी सारख्याच ठणठणीत आवाजात, अक्षर न खाता. “नाव म्हणजे नाव,” तो म्हणे. “कोर्ट कुणाच्या नावाला हसत नाही.” स्वतःचं आडनावही तो तसंच सांगायचा, पुकारा केल्यासारखं, दुकानात, दवाखान्यात, जिन्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला. कुणी पूर्वज म्हणे भर दरबारात राजाला तोंडावर खरं बोलला, त्यावरून ते पडलं. दुसऱ्या वेळी सांगताना राजाचा सेनापती व्हायचा. दारावर त्याने पितळेची पाटी लावून घेतली होती, जिन्याच्या खालच्या पायरीवरूनही वाचता येईल अशी, आणि दर रविवारी तो ती चिंच लावून घासत असे.

मुलाने मात्र नोकरी लागल्या लागल्या रीतसर प्रतिज्ञापत्र करून आडनाव बदललं. बापाचंच पहिलं नाव आडनाव म्हणून लावलं. त्याला वाटलं यात मान राखला. बाप म्हणाला, “धड ठेवलंस आणि मुंडकं उडवलंस.” तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याचा मुलगा आता शाळेत जायला लागला, आणि त्याला वर्गात कुणी चिडवत नाही. बाई महिन्यातून एकदा कपडे, खाऊ घेऊन गुपचूप जाऊन येतात. त्यांनी मुलाला कधी म्हटलं नाही, की बरं केलंस. नवऱ्यालाही कधी म्हटलं नाही, की मुलाने वाईट केलं. घरात पाटी, बाहेर कार्ड. कंपनीच्या दारातून आत शिरलं की त्या नुसत्या बाई असत, आणि ते दिवसातले तासच त्यांचे स्वतःचे होते. पगार कोण देतं, साहेब किती वयाचा आहे, कशाचं त्यांना काही नव्हतं. तेवढं नावाशिवायचं राहणं कुणी काढून घेऊ नये, एवढंच.

मैना त्यांच्या हाताखालून गेलेली. सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायची म्हणून बॅचमधल्या मुलांनीच तिला मैना नाव ठेवलं होतं. आधी ती कापडाच्या एका मोठ्या दुकानात होती. तिथे काउंटरमागच्या मुलींना बसायला बंदी. सकाळी उभं राहायचं ते दिवे मालवेपर्यंत. पायांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या तिच्या. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर ती बाईंना म्हणाली होती, “बाई, इथे खुर्ची मिळते हो. दिवसभर.” नोकरी मिळाल्याचा तिचा आनंद तो एवढाच होता, आणि तो बाईंच्या लक्षात राहिला होता.

त्या वर्षी तिकडे थंडी जरा जास्तच पडली. एका सकाळी मैनाच्या लाइनवर एका म्हाताऱ्याचा फोन आला. घरातलं यंत्र बंद पडलंय, खोल्या गार पडल्यात. तिने नियमाप्रमाणे नाव विचारलं. त्याने सांगितलं. आडनाव ऐकून मैना सावध झाली. त्यातला मागचा शब्द बाईंच्या फळ्यावरचाच होता. पुढचा अर्धा भाग हिवाळ्याचा, मागचा अर्धा तो तसला. आणि तक्रार काय, तर थंडी वाजते. तिसरी खूण. शंभर टक्के.

अशा वेळी काय करायचं हेही शिकवलेलं होतं. एक वाक्य गोड आवाजात म्हणायचं आणि लाल बटण दाबायचं. लाल बटण दाबलं की तो फोन नंबर थट्टेखोरांत जमा होतो. पुन्हा त्या नंबरवरून फोन आला तर तो सगळ्यांच्या मागे ढकलला जातो, आणि ज्याच्या पडद्यावर येईल त्याला आधी लाल खूणच दिसते, मग तोही न विचारता कट करतो. म्हाताऱ्याने दिवसभर फोन केले. दुसऱ्या दिवशीही केले. प्रत्येकाने लाल खूण पाहिली आणि आपापलं गोड वाक्य म्हटलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीने दार वाजवलं तेव्हा तो कोट, टोपी, मोजे घालून पांघरुणात बसला होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं. इस्पितळात नेलं. जगला तो. पण छातीचं दुखणं घेऊन बसला. त्याच्या मुलीने तक्रार केली, आणि तिकडून त्या पहिल्या फोनचं ध्वनिमुद्रण आलं.

बैठकीच्या खोलीत साहेबांनी ते लावलं. साहेब म्हणजे बाईंच्या मुलाच्या वयाचा तरुण, बाह्या दुमडलेला, बाईंशी बोलताना नेहमी अदबीने वागणारा. टेबलाच्या एका बाजूला मैना, दुसऱ्या बाजूला बाई.

म्हाताऱ्याचा आवाज हळू होता. नाव सांगितल्यावर, कुणी विचारायच्या आधीच, तो एकेक अक्षर सुटं करून सांगू लागला. घाई नाही, राग नाही. जन्मभर प्रत्येक खिडकीपाशी, प्रत्येक टेबलापाशी हेच करावं लागलेल्या माणसाचा तो आवाज होता. समोरचा हसून घेईपर्यंत मधे जरा थांबायचं, हेही त्याला सवयीचं होतं. बाईंना ते थांबणं ओळखू आलं.

मग मैनाचा आवाज, स्वच्छ, सपाट, बाईंनी घडवलेला. “साहेब, आपली थट्टा आमच्या लक्षात आली आहे. आपला दिवस चांगला जावो.”

आणि लाइन तुटायच्या आधी तो म्हातारा म्हणाला, “खरं आडनाव आहे गं बाई. मी नाही निवडलं ते.”

साहेबांनी ध्वनिमुद्रण थांबवलं. बाहेरच्या मोठ्या हॉलमधून शेकडो माणसांच्या एकदम बोलण्याची घरघर येत होती.

साहेबांनी मैनाला विचारलं, असं का केलंस. तिने तिन्ही खुणा घडाघडा सांगितल्या. शिकवल्याप्रमाणेच केलं, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. साहेबांनी अभ्यासक्रमाचा कागद उचलला. त्यात दोन्ही भाग छापलेले होते. त्यांनी विचारलं, अशी खरी आडनावं असलेली माणसंही असतात, हे शिकवलं नव्हतं का?

“नाही सर,” मैना म्हणाली. “तो भाग आमचा झाला नाही.”

कुणाला दोष द्यावा असं काही तिच्या बोलण्यात नव्हतं. किती वाजले विचारल्यावर सांगावं, तसं तिने सांगितलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. “बाई, तो भाग का नाही झाला?”

या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं. ते द्यायचं तर त्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न सांगावा लागला असता, आणि तो सांगितला की साहेबांनी, अदबीनेच, पुढचा प्रश्न विचारला असता. मग ते आडनाव या खोलीत उच्चारावं लागलं असतं. साहेबांनी ओठ घट्ट मिटले असते. संध्याकाळपर्यंत हॉल, जिना, चहाचं मशीन. पुन्हा ते सभागृह. बाईंचा हात कार्डावर गेला.

“झाला होता की,” बाई म्हणाल्या. “हिचं लक्ष नसेल त्या दिवशी.”

फळ्यावर लिहिलेलं उलटसुलट क्रमाने विचारलं तरी तोंडपाठ म्हणणारी ही मुलगी. साहेबांनाही ते माहीत होतं. पण तक्रारीला एक माणूस लागतो, आणि बाईंच्या नावावर इतक्या वर्षांत डाग नव्हता.

मैनाने बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं आता ही चिडेल, रडेल, चार मुलांना बोलावून आणा म्हणेल. तिने त्यातलं काही केलं नाही. वर्गात आपलं उत्तर आणि बाईंचं उत्तर वेगळं आलं की ती जशी कपाळाला आठी घालून स्वतःची चूक शोधायची, तशी आठी तिच्या कपाळावर पडली.

“असेल, बाई,” ती म्हणाली. “माझंच चुकलं असेल.”

त्याच दिवशी तिचं कार्ड काढून घेतलं. जाताना ती खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून गेली, असं शेजारी बसणारी मुलगी नंतर सांगत होती.

बाई घरी गेल्या. नवऱ्याने विचारलं, आज तोंड असं का उतरलंय? त्यांनी पाठदुखी सांगितलं.

म्हाताऱ्याच्या मुलीचं मात्र तेवढ्याने समाधान झालं नाही. तिचं आणखी एक म्हणणं होतं. माझ्या बापाने आपलं पूर्ण नाव अक्षर सुटं करून सांगितलं, आणि त्याचा फोन कापणाऱ्या एकानेही त्याला आपलं नाव सांगितलं नाही. तिकडच्या मालकांना ते पटलं. हुकूम आला की यापुढे प्रत्येकाने फोनवर आपलं नाव आणि आडनाव सांगायचं, आणि कार्डावर ते पूर्ण छापायचं. कुणालाही सूट नाही, शिकवणाऱ्यांनाही नाही.

नवी कार्डं सोमवारी आली. कारकुनाने बाईंचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. मोठ्या काळ्या अक्षरांत, जिन्याच्या खालच्या पायरीवरूनही वाचता येईल असं. बाईंनी ते गळ्यात घातलं आणि खाली न बघता हॉलमधून चालत गेल्या. मागे कुणीतरी खोकलं. चहाच्या मशीनपाशी दोन मुलं एकदम गप्प झाली आणि एकाच्या नाकातून चहा आला. प्रशिक्षणाच्या खोलीत तिसऱ्या बाकावर एक मुलगी वहीत तोंड खुपसून हलत होती. दुपारी साहेबांनी काहीतरी विचारायला बोलावलं आणि सबंध वेळ बाईंच्या कपाळाकडे बघत बोलले.

आणि मग संपलं. मंगळवारी कुणीच हसलं नाही. बुधवारी एका मुलाने हाक मारली ती आडनावानेच, आणि त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला सुट्टी हवी होती. ज्याला भिऊन बाईंनी शाळा सोडली होती आणि एका मुलीची खुर्ची काढून घेतली होती, ते या मोठ्या माणसांच्या जगात जेमतेम अर्धा दिवस टिकलं. तेवढाच त्याचा जीव होता. हे आधी कळलं असतं तर, असं बाईंच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं, की कळून घ्यायला गेलोच कुठे आपण.

नवऱ्याने कार्ड दोन्ही हातांत धरून उजेडात नेलं आणि पुकारा करावा तसं मोठ्याने वाचलं. “लागलं ना शेवटी छातीवर! कंपनी मोठी आहे तुझी. माणसाची किंमत कळते त्यांना.” त्या रविवारी त्याने पाटीबरोबर कार्डाची प्लास्टिकची खोळही पुसून दिली. त्याला काही सांगायचं तर बाईंना सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं.

पुढच्या शनिवारी त्या कापडाच्या दुकानात गेल्या. मैना तिथेच परत लागली असणार, हे त्यांना न विचारता ठाऊक होतं. लहान मुलांच्या कपड्यांच्या काउंटरमागे ती उभी होती, एक पाय दुसऱ्या पायाला टेकवून. बाईंना बघून तिने पाय खाली घेतला.

“या बाई. काय दाखवू?”

बाईंनी नातवासाठी शर्ट मागितला. तिने चार काढून मांडले, बाह्या उघडून दाखवल्या, धुतल्यावर कुठला आटतो ते सांगितलं. बाई कापडावरून हात फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “मी साहेबांना सांगते. तो भाग झाला नव्हता म्हणून. तुला परत घेतील.”

मैना शर्टाची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली.

“दोन दिवस घरी नुसती आठवत बसले होते हो मी,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता झाला होता, म्हणजे झालाच असणार. मग मला कसा आठवत नाही? आईला म्हटलं, माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. डॉक्टरकडे न्यायला निघाली होती ती मला.” तिने घडीवर टाचणी लावली. “मग बॅचमधल्या सगळ्यांना विचारलं. कुणाचाच झाला नव्हता. तेव्हा कुठे बरं वाटलं.”

बाई म्हणाल्या, “मी सोमवारीच सांगते.”

“नको बाई. आता तुम्ही काय म्हणता ते धरून मला तिथे बसता यायचं नाही.” यात टोमणा नव्हता. ती सरळ सांगत होती. “इथे निदान काय करायचं ते मला दिसतं. हा निळा देऊ?”

बाईंनी मान हलवली. मैनाने बिलाचं पुस्तक ओढलं, कार्बन सारखा केला. आजूबाजूला गर्दी होती. शेजारच्या काउंटरवर दोन बायका एकच चादर दोन टोकांना धरून ताणून बघत होत्या. बाईंच्या मागे एक माणूस खांद्यावर मूल घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभा होता.

“नाव काय घालू बिलावर?”

शर्ट मुलाच्या घरी जाणार होता. मुलाचं नवं आडनाव सांगितलं असतं तर चाललं असतं, ते कुणालाही खुपलं नसतं. नुसतं बाई सांगितलं असतं तरी मैनाने तेच लिहिलं असतं. कार्ड पर्समध्ये होतं. बाईंनी स्वतःचं आडनाव सांगितलं. आणि कुणी विचारायच्या आधीच, सवयीने, एकेक अक्षर सुटं करून सांगू लागल्या, मधे जरा थांबून.

मैनाचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं नाही. त्या अर्ध्या क्षणात तिला सगळा दुसरा भाग कळला असावा, का झाला नाही तेही. बाईंच्या मागचा माणूस मात्र फसकन हसला आणि मग मुलाची टोपी सारखी करू लागला.

मैनाने आडनाव पूर्ण लिहिलं, काना-मात्रा जागच्या जागी. कागद फाडला, शर्टाच्या पिशवीत घातला आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. आडनाव घेऊन, पुढे बाई जोडून, ती म्हणाली, “धन्यवाद. पुन्हा या.”

तिचा ओठ हलला नाही. आवाजात कसलाही चढउतार नव्हता. बाईंनी शिकवलं होतं अगदी तसंच.